मेंदूविज्ञानातील एम.एस्सी. : नेमके काय शिकावे लागते?

मेंदूविज्ञानात एम.एस्सी. करायची आहे असे घरात सांगितले की बहुधा दोनपैकी एक प्रश्न येतो: म्हणजे न्यूरॉलॉजिस्ट होणार का, किंवा मग समुपदेशन करणार का. दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असेच आहे. न्यूरॉलॉजिस्ट होण्याचा मार्ग एम.बी.बी.एस., एम.डी. आणि त्यानंतर डी.एम. असा वैद्यकीय महाविद्यालयांतून जातो, आणि रुग्णांवर उपचार करणाऱ्या चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले शिक्षण व नोंदणी लागते. मेंदूविज्ञानातील एम.एस्सी. रुग्ण तपासण्याचा परवाना देत नाही. ती संशोधनाची तयारी करून घेणारी पदवी आहे. या पदवीत खरोखर काय शिकवले जाते असे विचारले तर माझे उत्तर असे असेल: प्रत्यक्ष मोजले काय आणि त्यावरून मेंदूविषयी विधान केले काय, या दोहोंमधले अंतर ओळखणे. रसायने, पेशी, गणित, संख्याशास्त्र आणि प्रयोगशाळेतील हातकाम हे सगळे या एका कौशल्याभोवती फिरते.

अगदी साध्या वाटणाऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. माणसाच्या मेंदूत चेतापेशी किती असतात? पाठ्यपुस्तके अनेक वर्षे दहा हजार कोटी असे सांगत आली. हा आकडा मेंदूच्या पातळ कापांत पेशी मोजून पुढे गुणाकार करण्यासारख्या अंदाजांवर उभा होता, आणि मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत पेशींची दाटी इतकी वेगवेगळी असते की असा गुणाकार सहज फसतो. ब्राझीलमधील संशोधक सुझाना हर्कुलानो-हाउझेल यांनी निराळी युक्ती काढली. त्यांनी मेंदूचे ऊतक विरघळवून अक्षरशः त्याचे सूप केले. पेशींची आवरणे नाहीशी झाली, पण केंद्रके शाबूत राहिली. मिश्रण ढवळून एकजीव केले की त्याच्या थोड्याशा नमुन्यातील केंद्रके मोजून एकूण संख्या काढता येते, आणि विशिष्ट प्रतिपिंडाने (अँटिबॉडीने) रंगवल्यास त्यांतील चेतापेशींची केंद्रके कोणती हेही कळते. चार पुरुषांच्या मेंदूंवर ही पद्धत वापरून २००९ साली प्रसिद्ध झालेला सरासरी आकडा सुमारे ८,६०० कोटी होता. पहिल्याच सत्रात असे उदाहरण समोर आले की विद्यार्थ्याला कळते की मेंदूविषयीच्या प्रत्येक आकड्यामागे एक पद्धत असते, आणि पद्धत बदलली की आकडाही बदलू शकतो.

आता समजा, पेशींची संख्याच नव्हे तर त्यांची सगळी जोडणीही कळली, तर मेंदू कळला असे म्हणता येईल का? हा प्रश्न काल्पनिक राहिलेला नाही. सी. एलिगन्स या जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या जंतात ३०२ चेतापेशी असतात, आणि त्यांच्या जोडणीचा आराखडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालील कापांवरून १९८६ मध्येच प्रसिद्ध झाला. फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा आराखडा २०२४ मध्ये आला; त्यात सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशी आणि पाच कोटींहून अधिक जोडण्या आहेत. तरीही ३०२ पेशींचा जंत पुढच्या क्षणी वळेल की सरळ जाईल, हे त्याच्या आराखड्यावरून आजही खात्रीने सांगता येत नाही. कोणत्या जोडणीतून किती जोराचा संदेश जातो, तो दुसऱ्या पेशीला चेतवतो की थोपवतो, आणि आसपासच्या द्रावात त्या वेळी कोणती रसायने आहेत यावर सारे अवलंबून असते, आणि आराखड्यात यांतले फारच थोडे दिसते.

म्हणूनच हा अभ्यास पातळ्यांमध्ये विभागलेला असतो: रेणू, पेशी, पेशींची मंडले (सर्किट), वर्तन, आणि या सर्वांना गणितात मांडू पाहणारी संगणकीय पातळी. अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकावर ‘न्यूरोसायन्स’, ‘कॉग्निटिव्ह सायन्स’ किंवा ‘ब्रेन सायन्सेस’ यांपैकी काहीही लिहिलेले असले तरी तेथे कोणत्या पातळीवर भर आहे हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. कॉग्निटिव्ह सायन्सचा विद्यार्थी दोन वर्षांत एकदाही पेशीला हात न लावता उत्तम संशोधक होऊ शकतो, आणि रेणूंच्या पातळीवर काम करणाऱ्याला स्मृतीच्या मानसशास्त्रीय चाचण्या जेमतेम ओळखीच्या असू शकतात.

पातळी कोणतीही असली तरी पहिल्या सत्रात एक विषय बहुतेकांना चुकवता येत नाही, तो म्हणजे चेतापेशीची वीज. शांत अवस्थेतील चेतापेशीच्या आतील बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. पेशीत पोटॅशियम जास्त आणि बाहेर सोडियम जास्त, अशी विषमता पेशीच्या पटलातील पंप सतत टिकवून ठेवतात. दर फेरीला तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत. या कामाला ऊर्जा लागते, आणि शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असलेला मेंदू विश्रांतीत शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा वापरतो, त्यामागचे एक मोठे कारण हेच आहे. संदेश जाताना सोडियमच्या वाटा क्षणभर उघडतात, आतील बाजू धन होते, मग पोटॅशियमच्या वाटा उघडून स्थिती पूर्ववत होते, आणि हे सारे एकदोन मिलिसेकंदांत उरकते.

हे आपल्याला कसे कळले, याची हकीकत अभ्यासक्रमाचा गाभा म्हणावी इतकी उद्बोधक आहे. केंब्रिज विद्यापीठातील ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूवर काम केले. हा तंतू अर्धा ते एक मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे त्यात तार घालून विद्युतदाब हवा तेथे रोखून धरता येतो आणि त्या स्थितीत किती प्रवाह वाहतो ते मोजता येते. १९५२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखमालेत चार विकल (डिफरन्शियल) समीकरणे आहेत. केंब्रिजचा संगणक त्या काळात उपलब्ध नसल्यामुळे हक्सली यांनी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर ती सोडवली, आणि निघालेला आलेख खऱ्या तंतूत मोजलेल्या संदेशाशी जुळला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की आयनांच्या या वाटा तेव्हा कोणी पाहिल्या नव्हत्या. समीकरणे असे सुचवत होती की पटलात काहीतरी उघडते आणि मिटते. ते काय, हे माहीत नव्हते. दोघांना १९६३ चे नोबेल मिळाले. त्यानंतर १९७६ मध्ये, जर्मनीतील गटिंगन येथे काम करणाऱ्या एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी बेडकाच्या स्नायुपेशीवर काचेची अतिसूक्ष्म नळी टेकवून एका एकट्या वाटेतून वाहणारा, अँपिअरच्या एक लाख कोटीव्या भागाच्या घरातला प्रवाह नोंदवून दाखवला. त्यासाठी त्यांना १९९१ चे नोबेल मिळाले. गणिताने ज्याची अटकळ बांधली ते जवळजवळ पाव शतकाने मोजता आले. मेंदूविज्ञानात मोजमाप आणि विधान एकमेकांच्या इतके जवळ फार क्वचित येतात, म्हणून या उदाहरणावर वर्गात बराच वेळ घालवला जातो आणि तो घालवावाही.

हा भाग शिकताना वर्गाचे सरळ दोन गट पडतात. जीवशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा मानसशास्त्र घेऊन आलेल्यांना विकल समीकरणे पाहून धडकी भरते, तर अभियांत्रिकी किंवा भौतिकशास्त्रातून आलेल्यांना समीकरणे सोपी जातात पण प्रथिने, जनुके आणि शरीररचनेची नावे पाठ करताना त्यांची तारांबळ उडते. दोन्ही गटांनी एकमेकांकडून शिकावे अशी अपेक्षा असते. आजकाल तीच चार समीकरणे पायथॉन या संगणकीय भाषेत लिहून लॅपटॉपवर सोडवायचा गृहपाठ दिला जातो, आणि ज्याने आजवर एकही ओळ कोड लिहिलेली नाही त्याने प्रवेशाआधीच्या सुट्टीत थोडे पायथॉन आणि थोडे संख्याशास्त्र शिकून घेतले तर पहिले सत्र बरेच सुसह्य होते. दहावी-बारावीनंतर गणित सोडले म्हणून या वाटेला जाऊच नये असे मात्र नाही. लागणारे गणित नव्याने शिकता येण्याजोगे असते.

एका पेशीपासून संपूर्ण मेंदूकडे गेलो की मोजमाप आणि विधान यांमधली दरी रुंदावते. वर्तमानपत्रांत ‘प्रेमात पडल्यावर मेंदूचा हा भाग उजळतो’ अशा बातम्यांसोबत जी रंगीत चित्रे छापतात ती बहुधा एफएमआरआय या तंत्राची असतात. मेंदूत काही उजळत नसते, हे आधी स्पष्ट करायला हवे. सेइजी ओगावा यांनी १९९० च्या सुमारास दाखवून दिले की ऑक्सिजन असलेले आणि नसलेले रक्त चुंबकीय क्षेत्रात वेगळे वागते, आणि एफएमआरआय हा फरक टिपते. म्हणजे चेतापेशी काम करतात, मग तेथे रक्तपुरवठा वाढतो, आणि आपण मोजतो ते रक्त. रक्तातील हा बदल शिगेला पोहोचायला पाचसहा सेकंद लागतात, तर चेतापेशीचा संदेश मिलिसेकंदांत संपलेला असतो. आणि चित्रातील दोनतीन मिलिमीटरच्या एका ठोकळ्यात लाखो चेतापेशी असतात. तंत्र निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. जिवंत माणसाच्या मेंदूत, कवटी न उघडता डोकावण्याचे यापेक्षा चांगले मार्ग फारसे नाहीत. परंतु त्यावरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही हे शिकण्यात एक संपूर्ण सत्र जाऊ शकते.

त्यातच संख्याशास्त्राचा सापळा असतो. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एका परिषदेत मांडलेला प्रयोग आता जगभर शिकवला जातो. त्यांनी एक मेलेला सामन मासा एफएमआरआय यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली आणि या व्यक्तींच्या मनात कोणती भावना असेल असे रीतसर विचारले. नेहमीच्या ढिसाळ पद्धतीने विश्लेषण केल्यावर माशाच्या मेंदूत काही ठिकाणी ‘क्रिया’ आढळली. कारण साधे आहे: समजा मेंदूचे चित्र एक लाख ठोकळ्यांचे आहे आणि प्रत्येक ठोकळ्यासाठी हजारात एक चूक चालवून घेतली, तर काहीही घडत नसतानाही सुमारे शंभर ठोकळे केवळ योगायोगाने रंगीत दिसतील. अनेक चाचण्या एकाच वेळी करताना निकष कडक करावा लागतो, आणि तो केला की मासा पुन्हा मेलेला दिसतो. या संशोधकांना २०१२ मध्ये इग नोबेल हा विनोदी पुरस्कार मिळाला, पण विनोदामागचा मुद्दा गंभीर होता. याच्या जोडीला केट बटन आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा आढावा शिकवला जातो. मेंदूविज्ञानातील अभ्यासांचे नमुने इतके लहान असतात की खरोखर अस्तित्वात असलेला परिणाम पकडण्याची त्यांची मध्यक क्षमता सुमारे एकवीस टक्केच भरली, असे त्यांनी दाखवले. पाचपैकी चार वेळा खरा परिणामही हातून निसटेल, आणि जो सापडेल तो बहुधा फुगवलेला असेल.

माझ्या मते याहून अंतर्मुख करणारा प्रयोग एरिक जोनास आणि कोनराड कॉर्डिंग यांचा आहे. त्यांनी मेंदू बाजूला ठेवला आणि १९७० च्या दशकातील एक साधी मायक्रोचिप घेतली, जिचा प्रत्येक ट्रान्झिस्टर आपल्याला ठाऊक आहे, कारण ती माणसानेच बनवली. तिच्या संगणकीय प्रतिकृतीवर त्यांनी मेंदूविज्ञानातील नेहमीची तंत्रे वापरली. एकेक ट्रान्झिस्टर निकामी करून पाहिला तेव्हा काही ट्रान्झिस्टर असे निघाले की त्यांच्याशिवाय डाँकी काँग हा एकच व्हिडिओ खेळ बंद पडत होता, बाकीचे चालत होते. मेंदूच्या बाबतीत असा निष्कर्ष निघाला असता तर ‘डाँकी काँगचे केंद्र सापडले’ असा मथळा झाला असता. प्रत्यक्षात तो ट्रान्झिस्टर कुठल्याशा सर्वसाधारण क्रियेचा भाग असतो, आणि ती क्रिया त्या खेळाला लागते इतकेच. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला हा लेख वर्गात वाचला गेला की मेंदूच्या अमुक भागाला इजा झाल्यावर तमुक क्षमता गेली, म्हणून ती क्षमता तेथेच ‘राहते’ असे सहजपणे म्हणणे विद्यार्थी थांबवतात.

असे लेख एकत्र वाचण्याच्या बैठकीला जर्नल क्लब म्हणतात आणि ती बहुतेक ठिकाणी दर आठवड्याला असते. एक जण लेख मांडतो, बाकीचे प्रश्न विचारतात. आपल्याकडील पदवी महाविद्यालयांतून आलेल्या विद्यार्थ्यांना याची सवय नसते. छापलेल्या गोष्टीवर, तीही मोठ्या नियतकालिकात छापलेल्या गोष्टीवर, शंका घेणे हे उद्धटपणाचे वाटते. तो संकोच जायला वेळ लागतो. पण आकृतीच्या अक्षावर काय लिहिले आहे, किती प्राणी किंवा किती माणसे वापरली, तुलनेसाठी कोणता गट घेतला, हे तीन प्रश्न विचारता आले तरी निम्मे काम झाले.

दुसरा निम्मा अभ्यास प्रयोगशाळेत होतो. बऱ्याच चांगल्या अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याला काही आठवडे एका प्रयोगशाळेत, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या ठिकाणी काम करावे लागते. याला लॅब रोटेशन म्हणतात. त्यामागे कामाची चव घेणे हा हेतू असतो, आणि नको असलेले काम कोणते हे कळणे हाही तितकाच महत्त्वाचा लाभ असतो. नेहर आणि साकमान यांच्या तंत्राची आजची रीत अशी असते: उंदराच्या मेंदूचा सुमारे ३०० मायक्रोमीटर जाडीचा काप कृत्रिम मस्तिष्कद्रवात ऑक्सिजनचे बुडबुडे सोडून जिवंत ठेवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली एक पेशी निवडायची, सुमारे एक मायक्रोमीटर तोंडाची काचेची नळी तिला टेकवायची, हलकेच शोषायचे आणि पटल नळीला घट्ट चिकटेल अशी आशा करायची. पहिले काही आठवडे ते चिकटत नाही. कंपनरोधक टेबल, द्रावाची संहती, नळीचे तोंड, यांपैकी काय चुकते आहे ते शोधता शोधता दिवस जातो, आणि ज्याला असा दिवस असह्य वाटत नाही त्याच्यासाठी हे क्षेत्र आहे.

प्राण्यांचा प्रश्न आधीच स्वतःला विचारून ठेवावा. भारतात प्राण्यांवरील प्रयोगांवर केंद्र सरकारच्या समितीचे आणि प्रत्येक संस्थेतील नीती समितीचे नियंत्रण असते, नियम कडक आहेत, तरीही उंदीर मारून त्याचा मेंदू काढणे हे काम कोणालातरी करावे लागतेच. ज्याला ते जमणार नाही त्याने तसे स्पष्ट म्हणावे. त्यात कमीपणा काही नाही. माणसांवर ईईजीचे (डोक्यावर बाहेरून इलेक्ट्रोड लावून मेंदूची वीज नोंदवण्याचे) प्रयोग, संगणकीय प्रतिमाने, मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूच्या ऊतकांचा अभ्यास, असे अनेक पर्याय आहेत. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेत १९९५ पासून मानवी मेंदूंची ऊतकपेढी आहे आणि तेथील संग्रहालयात सामान्य माणसालाही खरा मेंदू हातात घेऊन पाहता येतो. या विषयाकडे वळावे की नाही अशा विचारात असलेल्याने तेथे एक चक्कर मारायला हरकत नाही.

भारतात ही पदवी कोठे घेता येते? स्वतंत्र नावाने ती थोड्याच ठिकाणी आहे. अलाहाबाद विद्यापीठात आणि आयआयटी गांधीनगरमध्ये कॉग्निटिव्ह सायन्सचा, तर हैदराबाद विद्यापीठात चेता व बोधविज्ञान केंद्राचा अभ्यासक्रम आहे. मात्र ‘न्यूरोसायन्स’ ही पाटी शोधत बसल्यास देशातील काही सर्वोत्तम जागा नजरेतून सुटतात, कारण त्या जीवशास्त्राच्या एकात्मिक पीएच.डी.च्या आत दडलेल्या आहेत. पदवीनंतर प्रवेश मिळतो, वाटेत एम.एस्सी. होते आणि पुढे त्याच संस्थेत पीएच.डी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दीकी यांनी १९६२ मध्ये रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला आणि पुढे तेथे फळमाशीच्या चेतासंस्थेवर व वास-चवीच्या संवेदनेवर काम झाले, त्यात व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांचा वाटा मोठा आहे. आज त्याच विभागात विदिता वैद्य भावनांशी निगडित मंडलांवर आणि सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनावर संशोधन करतात. त्यांना २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत गाणाऱ्या झेब्रा फिंच पक्ष्यांवर, उंदरांच्या घ्राणशक्तीवर आणि चेतासंधीच्या (दोन चेतापेशींमधील जोडणीच्या) संगणकीय प्रतिमानांवर काम चालते. म्हणजे मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याला या विषयाची पहिली चव घ्यायला राज्याबाहेरही जावे लागत नाही; उन्हाळी प्रकल्पासाठी लिहिलेले एक नेमके पत्र पुष्कळदा पुरते, मात्र ते शंभर प्राध्यापकांना एकसारखे पाठवलेले नसावे.

परदेशात पर्याय अधिक आहेत आणि फसगतीच्या जागाही. ब्रिटनमधील अभ्यासक्रम बहुधा एका वर्षाचे असतात. शुल्क मोठे आणि प्रयोगशाळेतील वेळ त्या मानाने थोडा. अमेरिकेत बहुतेक विद्यार्थी एम.एस्सी. न करता थेट पीएच.डी.ला प्रवेश घेतात, जेथे विद्यावेतन मिळते, म्हणून तेथे स्वखर्चाने मास्टर्स करण्यापूर्वी दोनदा विचार करावा. जर्मनीतील गटिंगनचा अभ्यासक्रम, जेथे नेहर यांचे काम झाले, दरवर्षी सुमारे वीसच विद्यार्थी घेतो. पहिल्या वर्षी व्याख्याने, तंत्रांचे वर्ग आणि तीन लॅब रोटेशन्स, त्यानंतर सुमारे सहा महिन्यांचा प्रबंध, आणि पहिल्या वर्षी उत्तम कामगिरी करणाऱ्याला प्रबंध वगळून थेट पीएच.डी.कडे जाण्याची मुभा. ट्यूबिंगनमध्ये वर्तन, पेशी-रेणू आणि संगणकीय असे तीन वेगळे अभ्यासक्रम आहेत, म्हणजे पातळ्यांची विभागणी तेथे अभ्यासक्रमांच्या नावांतच दिसते. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे ऐकीव वाक्य मात्र तपासून घ्यावे: ट्यूबिंगन ज्या राज्यात आहे तेथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घेतले जातात. शिवाय भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे) लागते आणि व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम, सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ युरो, गोठवलेल्या खात्यात दाखवावी लागते.

पदवीनंतर काय, हा आईवडिलांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर गोडवा न लावता द्यायला हवे. केवळ एम.एस्सी.वर ‘मेंदूशास्त्रज्ञ’ अशी नोकरी मिळत नाही. संशोधनात राहायचे असेल तर पीएच.डी. अटळ आहे, आणि ती पाचसहा वर्षे घेते. भारतात नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. ज्यांना तो मार्ग नको ते वैद्यकीय चाचण्या घेणाऱ्या कंपन्यांत, वैद्यकीय लेखनात, ईईजीसारखी उपकरणे बनवणाऱ्या उद्योगांत किंवा विदेच्या (डेटाच्या) विश्लेषणात जातात, आणि तेथे त्यांना पेशींच्या माहितीपेक्षा गोंगाटातून अर्थपूर्ण संकेत वेगळा काढण्याची सवय अधिक उपयोगी पडते.

प्रवेश घेण्यापूर्वी विभागाच्या संकेतस्थळावरील सुंदर चित्रांपेक्षा गेल्या दोनतीन वर्षांतील विद्यार्थ्यांच्या प्रबंधांची शीर्षके मागवून पाहावीत. त्यांवरून तेथे खरे काम कोणत्या पातळीवर चालते ते कळते. मग त्यांतल्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून विचारावे की प्रबंधासाठी उपकरण स्वतः हाताळायला मिळाले की दुसऱ्याने गोळा केलेल्या विदेचे आलेखच काढावे लागले, मार्गदर्शक आठवड्यातून किती वेळ भेटत, आणि प्रयोग फसला तेव्हा प्रबंधाचे काय झाले.